भाड्याच्या जागेत केलेल्या सुधारणांचे लेखांकन : आयुष्य दहा वर्षांचे आणि मुदत पाच वर्षांची, असे एकाच ताळेबंदात चालते का?

खतावणी (धागाकर्ता)

नमस्कार. एका संस्थेच्या लेखा विभागात मी काम करते आणि सध्या दुसऱ्या वर्षाचे हिशेब बंद करण्याचे काम चालू आहे. लेखापरीक्षकांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला समाधानकारक देता आलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. आम्ही आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे हिशेब ठेवतो. पुढील आकडे समजायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात मांडले आहेत, चलन कोणतेही धरावे.

संस्थेने कार्यालयासाठी एक जागा भाड्याने घेतली. करार पाच वर्षांचा आहे, या काळात दोघांपैकी कोणालाही तो मोडता येत नाही. त्यानंतर आणखी पाच वर्षे मुदत वाढवून घेण्याचा हक्क केवळ आम्हाला आहे आणि त्या काळाचे भाडे तेव्हाच्या बाजारभावाने ठरायचे आहे. सध्याचे भाडे वर्षाला १०,००,००० असून ते वर्षअखेरीस द्यायचे असते. जागेत आम्ही पार्टिशन, फॉल्स सीलिंग, वायरिंग, वातानुकूलनाचे डक्ट, कार्पेट आणि रंगकाम असे ६०,००,००० चे काम केले. जागामालकाने ताबा देतानाच या कामासाठी म्हणून ९,००,००० ची ठरावीक रक्कम आम्हाला दिली. ती वजा करून आम्ही ५१,००,००० हा सुधारणांचा खर्च मत्ता म्हणून दाखवला आणि दहा वर्षांत विभागून दरवर्षी ५,१०,००० घसारा लावला.

भाडेपट्ट्याचे दायित्व (पुढे द्यायच्या भाड्याची आजची किंमत) मात्र आम्ही पाच वर्षांच्याच भाड्यावर, ८ टक्के दराने काढले आहे. लेखापरीक्षकांचा प्रश्न एका ओळीचा आहे : “जी जागा पाच वर्षांनी सोडणार असे तुम्ही एका टिपणीत म्हणता, त्या जागेतील सीलिंग तुम्ही दहा वर्षे कसे वापरणार?” पहिल्या वर्षाचे हिशेब प्रसिद्ध झाले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आणखी अडचणीचा झाला आहे.

किर्दनोंद

मूळ प्रश्नाकडे जाण्यापूर्वी एक खुलासा हवा आहे. ६०,००,००० मध्ये खुर्च्या, टेबले, संगणक यांसारख्या उचलून नेता येणाऱ्या वस्तू आहेत का? असल्यास त्या आधी बाजूला काढाव्यात. जागा सोडताना ज्या वस्तू संस्थेबरोबर जातील त्यांचे आयुष्य करारावर अवलंबून नसते. त्या साध्या फर्निचर किंवा उपकरणांच्या खात्यात जातात. भाड्याच्या जागेतील सुधारणा हा शब्द भिंतीला, छताला किंवा जमिनीला जोडलेल्या आणि काढल्यास निरुपयोगी होणाऱ्या कामासाठीच राखून ठेवावा. तसेच गळती थांबवणे, बिघडलेले नळ बदलणे अशा दुरुस्त्या त्यात शिरल्या असतील तर त्या महसुली खर्चात गेल्या पाहिजेत.

खतावणी

उचलून नेण्याजोग्या वस्तू आम्ही सुरुवातीपासून वेगळ्या ठेवल्या आहेत आणि दुरुस्त्याही यात नाहीत. ६०,००,००० हे सर्व काम जागेला जोडलेले आहे.

ताळा

लेखापरीक्षकांचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो तुमच्या एकट्याच्या संस्थेला पडलेला नाही. आयएफआरएस १६ हे भाडेपट्ट्यांचे आंतरराष्ट्रीय मानक जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले. २०१९ च्याच नोव्हेंबरमध्ये या मानकांचा अर्थ लावणाऱ्या आयएफआरएस इंटरप्रिटेशन्स कमिटीने नेमका हाच विषय हाताळला : भाडेपट्ट्याची मुदत कशी ठरवावी, आणि न काढता येणाऱ्या सुधारणांचे उपयुक्त आयुष्य त्या मुदतीपेक्षा जास्त असू शकते का.

आधी आयुष्याची बाजू पाहू. आयएएस १६ (इमारती, यंत्रे यांसारख्या मत्तांचे मानक) मध्ये उपयुक्त आयुष्य म्हणजे वस्तू किती वर्षे टिकेल हे नसून संस्थेला ती किती काळ वापरायला उपलब्ध राहील हे आहे. परिच्छेद ५६ मध्ये आयुष्य ठरवताना लक्षात घ्यायच्या गोष्टींत झीज आणि तांत्रिक कालबाह्यता यांच्या जोडीला कायदेशीर मर्यादाही दिल्या आहेत, आणि त्याचे उदाहरण म्हणून संबंधित भाडेपट्टा संपण्याची तारीखच दिली आहे. कमिटीने यावरून असे सांगितले की मुदत सुधारणांच्या आर्थिक आयुष्यापेक्षा कमी असेल, तर त्या मुदतीनंतरही सुधारणा वापरण्याची अपेक्षा आहे का हे संस्थेने तपासावे; अपेक्षा नसेल तर उपयुक्त आयुष्य मुदतीइतकेच धरावे.

आता मुदतीची बाजू पाहू, कारण माझ्या अनुभवात बहुतेक लेखापाल इथे थांबतात आणि आयुष्य कापून मोकळे होतात. भाडेपट्ट्याची मुदत म्हणजे कराराच्या कागदावर लिहिलेली पाच वर्षे नव्हेत. मुदतवाढीचा हक्क भाडेकरू वापरणारच याची वाजवी खात्री असेल, तर ती वाढीव वर्षे पहिल्या दिवसापासून मुदतीत धरावी लागतात. ही खात्री तपासताना पाहायच्या आर्थिक कारणांच्या यादीत, आयएफआरएस १६ च्या परिच्छेद ब३७ मध्ये, केलेल्या किंवा करायच्या ठरलेल्या मोठ्या सुधारणांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुदतवाढीचा हक्क वापरण्याची वेळ येईल तेव्हा त्या सुधारणांत भरीव आर्थिक लाभ शिल्लक असेल, तर तो सोडून जाण्याचे कारण भाडेकरूला उरत नाही.

म्हणजे तुमच्यापुढे दोन बाजूंनी एकमेकांवर टेकलेले दोन अंदाज आहेत : आयुष्य मुदतीवर अवलंबून आहे आणि मुदत सुधारणांवर. या चक्रातून बाहेर पडण्यासाठी मी दोन्ही आकडे बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारते की, काम मंजूर झाले त्या दिवशी व्यवस्थापन ही जागा किती वर्षे वापरणार होते आणि त्याचा पुरावा कोणता? त्याचे उत्तर मिळाले की दोन्ही आकडे त्यातून निघतात. तुमच्या बाबतीत आयुष्य चुकले की मुदत चुकली, हे अजून ठरलेले नाही. कृपया घाईने आयुष्य पाचावर आणू नका.

वहीखाते

ताळा यांच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण एक सूक्ष्म फरक नोंदवतो. मुदतवाढीसाठी लागणारी “वाजवी खात्री” ही वरची पायरी आहे, तर उपयुक्त आयुष्यासाठी मानकाने “अपेक्षा” हा शब्द वापरला आहे. मुदत वाढवण्याची शक्यता बरीच आहे पण वाजवी खात्री म्हणावी इतकी नाही, अशी मधली स्थिती प्रत्यक्षात येऊ शकते, आणि तेव्हा दोन आकडे वेगळे राहणे तत्त्वतः शक्य आहे. कमिटीनेही दोन्ही नेहमी समान असतीलच असे म्हटलेले नाही. मात्र सीलिंग आणि डक्ट यांसारख्या, जागा वापरत असेपर्यंतच ज्यांचा उपयोग आहे अशा कामांबाबत मुदतीपलीकडे वापराची अपेक्षा नाही या निष्कर्षाला संस्था बहुधा पोहोचेल, असे तिने सांगितले आहे. तेव्हा फरक ठेवायचा असेल तर त्याचे लेखी कारण हवे, आणि पाचाविरुद्ध दहा एवढ्या फरकाला कारण सापडणे मला कठीण वाटते.

कमिटीच्या त्याच निर्णयातील दुसरी गोष्ट इतर वाचकांसाठी लिहितो, कारण ती दरवर्षी आपोआप नूतनीकरण होणाऱ्या किंवा कोणालाही नोटीस देऊन मोडता येणाऱ्या करारांना लागू पडते. अशा करारांत अंमलबजावणीयोग्य काळ (करार बंधनकारक राहतो तो काळ) ठरवताना केवळ करारात लिहिलेला दंड पाहून भागत नाही, कराराची व्यापक आर्थिक बाजूही पाहावी लागते. मोठा खर्च करून उभारलेले काम टाकून जावे लागणे हाही भाडेकरूच्या दृष्टीने दंडच आहे. तीस दिवसांच्या नोटिशीचा करार आहे म्हणून मुदत तीस दिवस, हा युक्तिवाद तेव्हापासून टिकत नाही.

पायाभरणी

मी लेखापाल नाही, इमारतींच्या अंतर्गत कामांचा अभियंता आहे, परंतु आयुष्याचे दाखले आमच्याकडूनच मागितले जातात म्हणून लिहितो. “दहा वर्षे” हा आकडा आम्ही देतो तेव्हा तो संपूर्ण कामाचा एक ढोबळ आकडा असतो. जिथे सतत वर्दळ असते तिथले कार्पेट आणि रंग दहा वर्षे राहत नाहीत, ते त्याच्या निम्म्या काळातच बदलावे लागतात. डक्ट आणि वायरिंगच्या नळ्या नीट बसवल्या असतील तर दहा वर्षांपेक्षा जास्त टिकतात. आमच्या दाखल्यात वस्तू किती वर्षे टिकेल एवढेच लिहिलेले असते. संस्था तिथे किती वर्षे राहील हे आम्हाला माहीत नसते आणि आम्हाला कोणी विचारतही नाही. तेव्हा दाखला पुढे करून दहा वर्षांचे समर्थन करणे आमच्यावरही अन्यायाचे आहे असे मला वाटते.

किर्दनोंद

पायाभरणी यांनी सांगितलेला मुद्दा आयएएस १६ च्या परिच्छेद ४३ चाच आहे : एकूण खर्चाच्या तुलनेत लक्षणीय असलेल्या प्रत्येक भागाचा घसारा स्वतंत्र लावावा. डक्ट पंधरा वर्षे टिकणार असले तरी त्यांचे आयुष्य मुदतीलाच कापले जाते. कार्पेट मुदतीच्या आधी संपत असेल तर त्याचे स्वतःचे आयुष्य लागते. “दोन्हींपैकी कमी असेल ते” हा पाठ केलेला नियम भागाभागाला लावला तरच खरा ठरतो.

दस्तऐवज

मी जागामालकाच्या बाजूचे हिशेब पाहतो, म्हणून ९,००,००० बद्दल लिहितो. ही रक्कम सुधारणांच्या खर्चातून वजा करणे मला चुकीचे वाटते. मानकात भाडेपट्ट्याशी संबंधित म्हणून जागामालकाने भाडेकरूला दिलेली रक्कम, किंवा भाडेकरूच्या खर्चाची केलेली भरपाई, ही प्रोत्साहनरक्कम मानली आहे आणि ती वापरहक्क मत्तेच्या (जागा वापरण्याच्या हक्काची ताळेबंदात दाखवलेली मत्ता) किमतीतून वजा होते. सुधारणा तुमच्या असतील तर त्या पूर्ण ६०,००,००० ला दाखवाव्यात आणि ९,००,००० वापरहक्क मत्तेतून कमी करावेत. एकूण मत्ता सारखीच दिसते हे खरे, परंतु दोन्हींचे घसाऱ्याचे काळ वेगळे असतील तर दरवर्षीचा खर्च बदलतो, आणि टिपणीतील वर्गवारी तर नक्कीच बदलते.

या विषयावर इतका गोंधळ झाला होता की, आयएफआरएस १६ बरोबर दिलेल्या उदाहरण १३ मधील, जागामालकाने सुधारणांसाठी दिलेल्या भरपाईचा भाग आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाने मे २०२० मध्ये वगळला. त्या उदाहरणात ती भरपाई प्रोत्साहनरक्कम का मानली नाही याचे कारण पुरेसे दिलेले नव्हते, आणि अनेकांनी त्यावरून जागामालकाची भरपाई नेहमीच सुधारणांशी जोडावी असा अर्थ काढला होता.

ती भरपाई प्रोत्साहन नसण्याची परिस्थिती मात्र खरोखर असते. आम्ही एखाद्या इमारतीत अग्निशमनाची यंत्रणा किंवा मुख्य विद्युत पुरवठा भाडेकरूकडून बसवून घेतो, आराखडा आमचा असतो, जादा खर्च झाला तर तो आम्ही सोसतो, आणि भाडेकरू गेल्यावर पुढच्या कोणत्याही भाडेकरूला तीच यंत्रणा उपयोगी पडते. ती मत्ता आमची असते. भाडेकरूने आमच्या वतीने खर्च केलेला असतो आणि त्याच्या ताळेबंदात फक्त येणे दिसते. उलट, आमच्या मत्तेसाठी भाडेकरूने स्वतःचे पैसे घातले आणि ते परत मिळणार नसतील, तर ते त्याच्यासाठी आगाऊ भाडे ठरते व वापरहक्क मत्तेत जाते. तुमच्या वर्णनात ठरावीक रक्कम ताब्याच्या वेळीच मिळाली, काय बांधायचे ते तुम्ही ठरवले आणि जादा खर्च तुमच्या माथी होता. म्हणून मला ती प्रोत्साहनरक्कमच वाटते.

खतावणी

दस्तऐवज, मनापासून आभार. हा भाग लेखापरीक्षकांनी विचारलाही नव्हता. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली : करारात असे कलम आहे की जागा सोडताना भाडेकरूने बसवलेले सर्व काम काढून, सामान्य झीज वगळता, जागा मूळ स्थितीत परत द्यावी. कंत्राटदाराच्या अंदाजानुसार यासाठी ८,००,००० लागतील. हे आम्ही कुठेही नोंदवलेले नाही, कारण तो खर्च जागा सोडण्याच्या वर्षाचा आहे अशी आमची समजूत होती.

ताळा

ती समजूत दुरुस्त करावी लागेल. काढून टाकण्याची जबाबदारी सीलिंग बसवले त्या दिवशी निर्माण झाली, कारण त्यानंतर संस्थेला तिच्यातून सुटका नाही. आयएएस ३७ या तरतुदींच्या मानकाप्रमाणे त्या खर्चाच्या वर्तमान मूल्याची, म्हणजे आजच्या किमतीची, तरतूद करावी लागते, आणि तेवढीच रक्कम मत्तेच्या किमतीत मिळवावी लागते. कोणत्या मत्तेच्या, हा प्रश्न वारंवार येतो. स्वतः बसवलेले काम काढण्याचा खर्च असेल तर तो आयएएस १६ प्रमाणे त्या सुधारणांच्या किमतीत. जागेलाच काही करून ती पूर्वस्थितीत आणायची असेल तर तो वापरहक्क मत्तेत. तुमचे कलम पहिल्या प्रकारचे आहे. वापरामुळे दरवर्षी थोडे थोडे होणारे नुकसान भरून देण्याची जबाबदारी असेल तर ती मात्र नुकसान होईल तसतशी वाढते, ती पहिल्या दिवशी पूर्ण धरायची नसते.

आकड्यांत पाहू. मुदत पाच वर्षे असेल तर ८,००,००० चे ८ टक्क्यांनी वर्तमान मूल्य ५,४४,४६७ येते. मुदत दहा वर्षे असेल तर ते ३,७०,५५५ येते. तरतूद दरवर्षी व्याजाने वाढते आणि ती वाढ वित्तीय खर्चात जाते, घसाऱ्यात नव्हे. ८ टक्के हा दर मी तुमच्या भाडेपट्ट्यावरून घेतला आहे. तरतुदीसाठीचा दर त्या दायित्वाच्या जोखमीप्रमाणे स्वतंत्रपणे ठरवावा लागतो, हे लक्षात ठेवावे. पुढे अंदाज किंवा दर बदलला तर तो फरक आयफ्रिक १ (अशा तरतुदींतील बदलांबद्दलचा अर्थनिर्णय) नुसार मत्तेच्या किमतीत मिळवतात किंवा त्यातून वजा करतात. म्हणजे मुदतीचा निर्णय तिसऱ्या ठिकाणीही पोहोचला : भाड्याचे दायित्व, घसारा आणि आता ही तरतूद. तिन्ही ठिकाणी एकच वर्ष दिसले पाहिजे.

रोजमेळ

आमच्या मुख्य संस्थेला अमेरिकी मानकांप्रमाणेही अहवाल द्यावा लागतो, म्हणून तुलनेसाठी थोडे लिहितो. तिथे एएससी ८४२ या भाडेपट्ट्यांच्या मानकात नियम थेट आहे : सुधारणांचा घसारा त्यांचे आयुष्य आणि उरलेली मुदत यांपैकी जे कमी असेल त्यावर, जागेची मालकी भाडेकरूकडे जाणार असेल किंवा ती विकत घेण्याचा हक्क तो वापरणार याची वाजवी खात्री असेल, तरच पूर्ण आयुष्यावर. मार्च २०२३ मध्ये एकाच नियंत्रणाखालील संस्थांमधल्या भाडेपट्ट्यांसाठी त्यात सवलत आली, कारण समूहातल्या समूहात एक वर्षाचा कागदी करार करायचा आणि त्यामुळे वीस वर्षे टिकणारे काम एका वर्षात संपवायचे, असे होत होते.

हा नियम तिथे कसा अंगवळणी पडला तेही सांगण्यासारखे आहे. ७ फेब्रुवारी २००५ रोजी सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या मुख्य लेखापालांनी लेखापरीक्षकांच्या संघटनेला पत्र लिहून तीन गोष्टी स्पष्ट केल्या : सुधारणांच्या घसाऱ्याचा काळ, भाडेमाफीच्या महिन्यांचा हिशेब आणि जागामालकाकडून मिळालेली प्रोत्साहनरक्कम. त्यानंतर विक्रीची दुकाने आणि उपाहारगृहे चालवणाऱ्या अनेक कंपन्यांना आपले जुने हिशेब सुधारून पुन्हा प्रसिद्ध करावे लागले. खतावणी यांचा प्रश्न आणि त्या पत्रातील पहिला प्रश्न यांत मला काहीही फरक दिसत नाही.

वहीखाते

काम चालू असतानाच्या काळाबद्दल एक सूचना. भाडेपट्ट्याची सुरुवात जागामालक जागा वापरायला उपलब्ध करून देतो त्या दिवशी होते, त्यामुळे आत सुतारकाम चालू असले तरी वापरहक्क मत्तेचा घसारा त्या दिवसापासून सुरू होतो. सुधारणांचा घसारा मात्र त्या वापरण्यायोग्य झाल्यावर सुरू होतो. या दोन तारखांमध्ये तीन महिने गेले असतील आणि मुदत पाच वर्षांची असेल, तर सुधारणांसाठी चार वर्षे नऊ महिनेच उरतात. ही चूक लहान दिसते, पण प्रत्येक नव्या शाखेत पुन्हा पुन्हा होते.

खतावणी

ताळा यांनी विचारलेल्या पुराव्याच्या शोधात मी काल जुन्या फायली काढल्या आणि जे सापडले त्याने मी चकित झाले. भाडेपट्ट्याच्या फायलीत एक टिपण आहे : “मुदतवाढीबाबत निर्णय झालेला नाही, म्हणून पाच वर्षे धरली.” हे टिपण आमच्याच विभागाने लिहिले होते. परंतु ६०,००,००० च्या खर्चाला मंजुरी देणारा संचालक मंडळाचा प्रस्ताव वेगळ्या फायलीत होता, आणि त्यात हा खर्च दहा वर्षांच्या वापरावर विभागून परवडतो असे लिहिले आहे. पाच वर्षांच्या वापरावर तो परवडणार नाही, असेही त्याच प्रस्तावाच्या एका तक्त्यात स्पष्ट आहे. मंडळाने दहा वर्षांचा आधार मान्य करून मंजुरी दिली, आणि हे सर्व करार सुरू होण्याच्या आधीचे आहे.

म्हणजे गेले दोन आठवडे मी ज्या आकड्याचा बचाव करण्यास असमर्थ होते, तो दहाचा आकडा बरोबर होता आणि ज्या आकड्याकडे कोणी बोट दाखवले नव्हते, तो पाचाचा चुकीचा होता, असे दिसते. हे वाचन आपल्याला पटते का?

ताळा

मला पटते. बाजारभावाने भाडे ठरणार असल्यामुळे भाड्याच्या दृष्टीने मुदत वाढवण्याचे विशेष आकर्षण नाही, हे तपासताना मान्य करावे लागेल. परंतु पाचव्या वर्षाच्या शेवटी निम्म्याच्या आसपास उपयोगिता शिल्लक असलेले काम, काढण्याचा आणि दुसरीकडे तेच पुन्हा उभारण्याचा खर्च, आणि मंडळाने मान्य केलेला दहा वर्षांचा आधार, या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने जातात. सारखी जागा जवळपास सहज मिळते का आणि स्थलांतरामुळे कामकाज किती दिवस थांबेल, याच्याही दोन ओळी टिपणात घालाव्यात.

वाढीव पाच वर्षांचे भाडे अजून ठरलेले नाही म्हणून ते शून्य धरायचे नसते. बाजारभावाशी जोडलेले भाडे हे दराशी जोडलेल्या भाड्यासारखे मानून सुरुवातीच्या दिवशीच्या पातळीवर मोजतात आणि प्रत्यक्ष बदल झाल्यावर दायित्व पुन्हा मोजतात. त्यामुळे दहाही वर्षे १०,००,००० धरावेत.

किर्दनोंद

आता सर्वांत अवघड प्रश्न राहतो : हा अंदाजातील बदल आहे की मागील काळातील चूक? अंदाजातील बदल असेल तर परिणाम यापुढच्या वर्षांत पसरतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून सर्वांना तोच हवासा वाटतो. आयएएस ८ (अंदाजातील बदल आणि चुका यांचे मानक) मधील कसोटी मात्र स्पष्ट आहे. हिशेब मंजूर झाले तेव्हा उपलब्ध असलेली आणि मिळवता येण्यासारखी विश्वसनीय माहिती वापरली गेली नसेल, तर ती चूक आहे. नंतर नवी माहिती आली असेल, तर तो अंदाजातील बदल आहे. भाडेकरूने पुढे, सुरुवातीला न ठरलेले मोठे काम हाती घेतले, तर त्या दिवशी मुदतीचा फेरविचार करायचा असतो, आणि तो खरोखर नवा प्रसंग असतो. तुमच्या बाबतीत प्रस्ताव त्याच इमारतीतील दुसऱ्या फायलीत पहिल्या दिवसापासून होता. रक्कम मोठी असेल तर तुलनात्मक आकडे सुधारून दाखवावे लागतील.

दस्तऐवज

किर्दनोंद यांच्याशी सहमत. जागामालकाकडून मिळालेली रक्कम चुकीच्या मत्तेतून वजा झाली, हीदेखील उपलब्ध नियम न वापरल्याची चूक आहे, अंदाज नव्हे. सर्व दुरुस्त्या एकदाच आणि एकाच टिपणीत कराव्यात.

खतावणी

आपण सर्वांनी दिलेल्या वेळेबद्दल मी ऋणी आहे. काल लेखापरीक्षकांसमोर मंडळाचा प्रस्ताव आणि नवे टिपण ठेवले, त्यांनी मुदत दहा वर्षे मान्य केली, आणि ही मागील काळातील चूक आहे हेही त्यांनी व आम्ही मान्य केले. पुढे कोणाला उपयोग होईल म्हणून पहिल्या वर्षाचे सुधारित आकडे देत आहे.

पाच वर्षांच्या मुदतीवर भाड्याचे दायित्व सुरुवातीला ३९,९२,७१० होते, दहा वर्षांवर ते ६७,१०,०८१ झाले. पहिल्या वर्षअखेरीस आम्ही ३३,१२,१२७ दाखवले होते, तिथे आता ६२,४६,८८७ येतील. म्हणजे प्रसिद्ध झालेल्या ताळेबंदात २९,३४,७६० चे दायित्व दिसतच नव्हते. वापरहक्क मत्ता ९,००,००० वजा करून ५८,१०,०८१ पासून सुरू होते आणि तिचा वार्षिक घसारा ५,८१,००८ आहे. सुधारणा ६०,००,००० ला परत आणल्या. पायाभरणी यांच्या सूचनेप्रमाणे कार्पेट आणि रंगकामाचे ६,००,००० पाच वर्षांत आणि उरलेले ५४,००,००० दहा वर्षांत विभागले, त्यामुळे घसारा ५,१०,००० ऐवजी ६,६०,००० झाला. काम काढण्याच्या तरतुदीचा दर लेखापरीक्षकांशी चर्चेनंतर ८ टक्केच राहिला. तिचे ३,७०,५५५ सुधारणांच्या किमतीत मिळवले, ज्याचा घसारा वर्षाला सुमारे ३७,००० येतो, आणि पहिल्या वर्षाचे व्याज २९,६४४ झाले.

वहीखाते यांच्या तारखांच्या मुद्द्यासाठी काम पूर्ण झाल्याचे दाखले मागवले आहेत. वरील आकड्यांत बांधकामाचे महिने धरलेले नाहीत, ते आल्यावर सुधारणांचे आकडे थोडे सरकतील. स्थगित करावरील परिणाम कर सल्लागारांकडे दिला आहे, कारण १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या आयएएस १२ या आयकराच्या मानकातील दुरुस्तीनंतर भाडेपट्टा आणि काढण्याची तरतूद या दोन्हींवर, पहिल्या नोंदीच्या वेळी स्थगित कर न दाखवण्याची सूट घेता येत नाही. तसेच यापुढे भांडवली खर्चाच्या प्रत्येक मंजुरी प्रस्तावाची प्रत भाडेपट्ट्याच्या फायलीत लावायची, असे आमच्या विभागाने आजच लेखी ठरवले आहे.